चौथ्या पावलावर

छापखान्यातून निवृत्त झालेल्या मशीनमनने पत्र्याच्या डब्यात गजराचे घड्याळ ठेवले, झाकण दाबून बसवले आणि तो डब्याकडे तोंड ठेवून मागे मागे चालू लागला. एक, दोन, तीन, चार. चौथ्या पावलावर थांबला.

"नमदा, चार," तो म्हणाला. "टिकटिक बंद."

अंगणात त्याची जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. इंजिनाचा आवाज दाबायला बॉनेटला आतून कोणता थर लावायचा, ते आज ठरायचे होते. गाड्यांच्या गाद्या शिवणाऱ्या कुशनवाल्याने तीन नमुने आणले होते: दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, काळी डांबरी शीट आणि चंदेरी मुलाम्याचा फोम. मुलगी रविवारी दोन महिन्यांचे बाळ घेऊन माहेरी यायची होती. "बाबांना सांग, तो खटारा आणू नका, बाळ दचकेल," असे तिने फोनवर आईला बजावले होते. खटारा हा शब्द मशीनमनला फार लागला. घाटातून नातवाला आणीन तर मीच, आणि झोपलेला आणीन, असे तो चार दिवस घोकत होता.

डब्याला आतून एकेक तुकडा लावायचा, घड्याळ ठेवायचे आणि आवाज कितव्या पावलावर संपतो ते मोजायचे, ही युक्तीही त्याचीच.

डांबरी शीट चार आली. फोमही चार.

"असं कसं?" त्याने कुशनवाल्याकडे संशयाने पाहिले. "तिन्ही एकाच गाठोड्यातून कापून आणलेस की काय?"

"काका, एक केसाळ, एक काळा, एक चंदेरी. निदान दिसायला तरी वेगळे असू द्या."

स्वयंपाकघराची खिडकी डब्यापासून चांगली आठ पावलांवर. तिथे उभ्या असलेल्या बायकोला नमद्यातली टिकटिक स्वच्छ ऐकू आली होती, शीटमधली जरा दबकी. फोमच्या वेळी तिने नळ बंद केला, तेव्हा त्यातलीही ऐकू आली. धुतलेलेच पातेले तिने पुन्हा धुवायला घेतले, अर्ध्यावर सोडले, मग झाकण्या पुसल्या. हाताला काम हवे होते.

गेल्या आठवड्यात रस्त्याच्या मधोमध नवरा निवांत गाडी चालवत होता आणि मागून ट्रक कोकलत होता. शेवटी ट्रकवाला शेजारून शिव्या देत पुढे गेला, तेव्हा हा म्हणाला होता, "काय हातवारे करतो बघ वेडा." आणि रविवारी घाट. आंधळी वळणे. मागच्या सीटवर बाळ.

बत्तीस वर्षे त्याने छापखान्यातले यंत्र कानाने ओळखले. कुठले बेअरिंग रडते आहे ते पलीकडच्या खोलीतून सांगायचा. त्याच यंत्राने कान नेले, हे त्याला सांगणार कोण? वाघापुढे उभे राहायला काळीज लागते म्हणतात. घरच्या माणसापुढे खरे बोलायला त्याहून मोठे लागते, आणि ते देवाकडे मागूनच घ्यावे लागते. तिने ते नळापाशीच मागून घेतले आणि हात पुसत ती बाहेर आली.

"अहो, एक डबा मी भरते," ती सवयीने आवाज चढवून म्हणाली. "तुम्ही तिकडे तोंड करा."

"तू? बरं. तुझंही शास्त्र बघू."

त्याने पाठ फिरवली. तिने डब्यातला फोम ओढून काढला. कुशनवाला काही बोलणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवले. उघड्या पत्र्यात घड्याळ ठेवून तिने झाकण लावले. टिकटिक पत्र्यावर आपटत अंगणभर पसरली. कुशनवाला मान खाली घालून आपली टेप गुंडाळत बसला.

मशीनमन वळला. एक, दोन, तीन, चार.

"हाही चार. काय घातलंस?"

तिने झाकण काढून डबा त्याच्यापुढे धरला.

तो आत बघत राहिला. मग त्याने डबा एका कानाला लावला, काढला, दुसऱ्या कानाला लावला. कानाशी टिकटिक येत होती, काटाही फिरत होता.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. दीडही असेल."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. तीन-चारदा." तिचा स्वर ओला झाला. "तुमची पाठ असताना."

कुशनवाला चुळबुळत उठला. "काका, मी नंतर येऊ का?"

"नंतर कशाला?" मशीनमनने खिशातून किल्ली काढली, मुठीत दोनदा फिरवली आणि त्याच्या हातावर ठेवली. "रविवारी तू चालव. मी मागे बसेन, बाळाजवळ. पण ते झोपलेलं यायला हवं, सांगून ठेवतो."

"आणि लावू काय?"

त्याने नमद्याचा तुकडा उचलून डब्यात नीट बसवला, घड्याळ ठेवले, झाकण दाबले.

"चल, मागे चालत जा," तो बायकोला म्हणाला. "ऐकू यायचं थांबलं की हात वर कर."

ती मागे सरकू लागली. तो पुटपुटत मोजत होता. चार. पाच. तिचा हात खालीच. ती खिडकीच्या रेषेत आली, ती ओलांडून गेली. नऊ. दहा. हात खालीच. अकराव्या पावलावर तिची पाठ फाटकाला टेकली.

मशीनमन लगबगीने फाटकापाशी गेला आणि तिला आणखी मागे जाता यावे म्हणून त्याने ते उघडून धरले.