आधी रीतसर, मग गाणं

परदेशातल्या त्या गाण्याच्या स्पर्धेत प्रत्येक देशाला तीनच मिनिटं मिळायची. साऱ्या देशातून निवडलेली मधुवंती तंबोरा लावून मंचाच्या कडेला उभी होती. आपल्या पथकाचे प्रमुख घोरपडेसाहेब मात्र म्हणाले, "आधी सगळं रीतसर होऊ दे." मग समई पेटली, परीक्षकांना शाल-श्रीफळ झालं आणि साहेब 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले. अखेर मधुवंतीनं सा लावला, तोच मंचावरचे दिवे मालवले. आपली वेळ संपली होती.

इकडे परतल्यावर 'यशस्वी सहभागाबद्दल' जंगी सत्कार ठरला, तोही साहेबांचा! मधुवंतीला आयोजकांचा निरोप आला, "साहेबांचं भाषण झालं, की शेवटी राष्ट्रगीत तेवढं म्हणा, बाई."

ती तंबोरा घेऊन आली आणि मंचाच्या कोपऱ्यात बसली. हारतुरे झाले, स्तुतीचे पूर वाहिले. मग साहेब उठले, फेटा सावरला, घसा खाकरला. "बंधूंनो आणि भगिनींनो, परदेशात मी..."

मधुवंतीनं शेजारचा माईक ओढला आणि खणखणीत आवाजात राष्ट्रगीत सुरू केलं. सारं सभागृह ताडकन उभं राहिलं. भाषणाचे कागद मांडीला चिकटवून साहेबही सावधान!

गाणं संपलं. साहेबांनी पुन्हा तोंड उघडलं. पण राष्ट्रगीत झाल्यावर परत खाली बसतंय कोण? अख्खं सभागृह बटाटेवड्यांकडे धावलं होतं.

"अहो, माझं भाषण राहिलं की!" साहेब कळवळले.

मधुवंती तंबोऱ्याला शांतपणे गवसणी घालत होती.

"चला साहेब, वडे गार होतायत."