उलट्यासुलट्या नळ्या

बाबांचा जुना ट्रक दोघा भावांच्या वाट्याला आला, पण दोघांत अबोला. म्हणून थोरला सकाळी शेडमध्ये ट्रकची दुरुस्ती करायचा आणि धाकटा संध्याकाळी. दोघांकडे ये-जा होती ती फक्त आईची, चहाचा कप घेऊन.

इंजिन बांधून झालं होतं. व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या तेवढ्या जागच्या जागी बसेनात. धाकटा रोज त्या नीट लावून जायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतो, तर दोन नळ्यांची अदलाबदल झालेली आणि इंजिन दमेकऱ्यासारखं खोकतंय!

शेवटी त्याचं डोकं फिरलं आणि तो सकाळीच शेडवर धडकला.

"दादा, नळ्या उलट्या लावायचा पोरखेळ बंद कर!"

"मी? अरे शहाण्या, रोज सकाळी तुझा घोळ मीच निस्तरतोय!"

दोघांनी एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढली. घसा बसल्यावर दोन्ही डोकी एकाच बॉनेटखाली गेली. "ही इकडे घे." "अरे, ती बाबांनी मागच्या बाजूने फिरवली होती, विसरलास?" असं करत करत सगळ्या नळ्या बसल्या. चावी फिरवताच इंजिन झोकात सुरू झालं, आणि वर्षभराने शेडमधून दोघांच्या हसण्याचा आवाज आला.


स्वयंपाकघरात आई नखांतलं काळं ग्रीस साबणाने घासत पुटपुटली, "सुटले बाई! गिअरबॉक्सला हात घालायची वेळ आली नाही."