गोड पानाचा उतारा

एपिफानियाने घरातली सगळी साखर शेजारणीला देऊन टाकली आणि साखरेऐवजी ज्याचा पाला वापरतात त्या गोड पानाचं रोप अंगणात लावलं. नवऱ्याला, लिसांद्रोला, मधुमेह झाल्यापासून सगळं गाव तिला सांगत होतं, हाच त्यावरचा उतारा. ताप असो की पोटदुखी, त्यांच्याकडे औषधी पाला ठेचून तेरेरेच्या, म्हणजे थंड हिरव्या चहाच्या, गार पाण्यात घालतात आणि दिवसभर पितात. तसंच तिने रोज सकाळी हे पानही घालायला सुरुवात केली.

तरी लिसांद्रोची साखर चढतच गेली. पायाचा अंगठा काळा पडला.

"खरं सांग म्हाताऱ्या, कुणाच्या घरी पेरूचा मुरंबा हादडतोस?"

"काकुपेच्या माउलीची शपथ, कणसुद्धा तोंडात घातला नाही गं!"

तिने त्याचे खिसे चाचपले, तोंडाचा वास घेतला, बहिणीला पाळतीवर बसवलं. हिशोब काही जुळेना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. "गुडघ्याखाली काढावा लागेल. इन्सुलिन कधी चुकलं होतं का?"


"चुकेल कसं, बाई?" एपिफानिया म्हणाली. "पानं सुरू केली त्याच दिवशी मी ते बंद केलं. एका दुखण्याला दोन-दोन औषधं कोण देतं?"