कांताच्या नावावर

ज्ञानदेव कोसळला तेव्हा सुई त्याच्यापासून चांगली चार हात लांब होती. टोचली होती ती एका विद्यार्थिनीला, आणि ती पोरगी मजेत च्युइंगगम चघळत होती.

जर्सी सिटीतल्या कम्युनिटी कॉलेजचा तो ओपन हाउस होता, प्रवेशाआधी वर्ग बघायचा दिवस. साल २००२, एप्रिल महिना. पाहायला आलेली वीस-पंचवीस माणसं दचकून मागं सरली. ज्ञानदेवची बायको कांता तेवढी पुढं झाली. तिनं नवऱ्याला सरळ निजवलं, कॉलरचं बटण काढलं, पाय उचलून खुर्चीवर ठेवले आणि जमलेल्यांना हातानंच बाजूला सारलं. ती नागपूरची. मे महिन्यात भोवळ येऊन पडलेली माणसं तिनं लहानपणापासून पाहिली होती. थोड्या वेळानं ज्ञानदेवनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "झालं का टोचून?"

खरं तर प्रवेश त्यालाच घ्यायचा होता. मॅनहॅटनमधल्या बँकेतली त्याची आयटीची नोकरी ऑक्टोबरात गेली. सहा महिने इंटरव्ह्यू देऊन झाले. शेवटी त्यानं ठरवलं, कॉम्प्युटर पुरे. दवाखाने काही बंद पडत नाहीत. मेडिकल असिस्टंटचा वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स करायचा. रक्त काढणं, ईसीजी घेणं, डॉक्टरांच्या हाताखालची कामं. त्यानं एका कागदावर सगळं मांडलं होतं. फी, पुस्तकं, युनिफॉर्म, परीक्षा धरून पाच हजार दोनशे डॉलर, ते सगळे स्टुडंट लोनचे. मग तासाला तेरा डॉलर पगार. हप्ता महिना साठ, दहा वर्षं. पूर्वीच्या निम्म्याहून कमी कमाई, पण घरभाडं निघेल आणि भारतात परत जायची वेळ येणार नाही.

कांताला तो कागद पटला नव्हता. हप्ता लहान आहे, असं ज्ञानदेवनं चारदा समजावलं. हप्ता लहान असतो, दहा वर्षं लहान नसतात, एवढंच ती म्हणाली होती.

शिकवणाऱ्या मिसेस ऑर्टिझनी ज्ञानदेवला ज्यूस दिला आणि कांताला विचारलं, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात असता? घरी असते, कांता म्हणाली. मग अर्ज का करत नाही, असं बाईंनी विचारल्यावर तिनं हसून सांगितलं की अर्ज यांचा आहे. मिसेस ऑर्टिझनी खाली बसलेल्या ज्ञानदेवकडं एकदा पाहिलं आणि शहाण्या बाईसारख्या गप्प राहिल्या.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. आता याची समजूत कशी काढावी, असा कांता विचार करत होती, तोच तो एकटाच हसायला लागला. खिशातून कागद काढून त्यानं वरचं स्वतःचं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं.

"हिशेब बरोबर होता, कांता. माणूस चुकला होता."

तिनं त्याला वेड्यात काढलं. एकोणचाळिसाव्या वर्षी शिकायचं, तेही इंग्रजीत, आणि उपासनाला शाळेतून कोण आणणार? मी घरीच आहे की, तो म्हणाला. लेकीला आणीन, स्वयंपाक शिकेन, इंटरव्ह्यू देत राहीन. त्याचा स्वयंपाक हे कर्जापेक्षा मोठं संकट आहे, असं तिनं सांगितलं. पण कागद मात्र स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

त्या आठवड्यात ती एकटी दोन क्लिनिकमध्ये जाऊन आली. या कॉलेजची माणसं घेता का आणि किती देता, असं तिनं काउंटरवर सरळ विचारलं. दोन्हीकडं उत्तर मिळालं: घेतो, पण सुरुवात अकरापासून. घरी येऊन तिनं तेराचे अकरा केले, बसभाडं धरलं, पहिले तीन महिने नोकरी मिळणार नाही असंही धरलं. पुन्हा सगळं मांडलं. ओढूनताणून जमत होतं. पण जमत होतं.

कर्जाचे कागद आले तेव्हा दोघं मिळून कॉलेजच्या ऑफिसात गेले. कांतानं सही केली आणि सवयीनं कागद ज्ञानदेवकडं सरकवला. काउंटरवरच्या मुलीनं तो मध्येच थांबवला. यांची सही लागत नाही, ती म्हणाली, लोन तुमचं आहे. कांता बघतच राहिली. फ्लॅटच्या करारापासून ग्रीन कार्डापर्यंत या देशातल्या प्रत्येक कागदावर ती नवऱ्याच्या नावामागून आली होती.

रविवारी सकाळी तिनं नागपूरला फोन लावला. तिचे वडील महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचा रुपया उधार ठेवला नव्हता. सायकलसुद्धा तीन वर्षं पैसे साठवून घेतली होती. त्यांना कसं सांगायचं, याची तिनं आदल्या दिवसापासून जुळवाजुळव केली होती. पण पलीकडून "जय भीम, बेटा" ऐकू आलं आणि सगळं विसरून तिनं एका दमात सांगून टाकलं, की तिनं शिकायला कर्ज काढलंय, पाच हजार दोनशे डॉलर.

मग वडिलांनी हळूच विचारलं, जामीन कोण? जावईबापू?

"नाही, बाबा. कुणीच नाही. सरकारनं माझ्या एकटीच्या सहीवर दिलं."

मग वडील तिच्या आईला हाक मारताना तिला ऐकू आले, आणि त्या संध्याकाळी नागपुरातल्या त्या गल्लीत पहिल्यांदाच कर्ज झाल्याचे पेढे वाटले गेले.