उजव्या पायाचा अंगठा

चादरीचं टोक लागलं आणि आमचे हे ढोरासारखे ओरडले. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला. मी चादर बाजूला केली. अगदी सावकाश.

डॉक्टरीणबाईंनी गेल्याच आठवड्यात समजावलं होतं. "युरिक ॲसिड वाढलं की सांध्यात सुईसारखे बारीक खडे साचतात. आपलं रक्षण करणाऱ्या पेशी ते गिळतात. पेशीच्या आत एक पहारेकरी असतो, त्याला वाटतं शत्रूच घुसला. तो बोंब मारतो आणि अख्खा सांधा पेटतो. कलेजी, बिअर एकदम बंद!"

हे त्यांच्यासमोरच खेकसले, "माझ्या घरात काय शिजणार ते मी ठरवतो."

बरं. काल ह्यांनी कलेजी मागितली. मी ती आग्रह करकरून वाढली.

लग्न झाल्यापासून मीठ जरा कमी पडलं की ह्याच पायानं मी वाढलेलं ताट भिंतीपर्यंत उडवलंय. मुलांदेखत. भिंतीवरचा रस्सा मी पुसायचा आणि पुन्हा स्वयंपाकाला लागायचं.

आज दुपारी ह्यांना खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवला, ताट मांडीवर दिलं. पहिल्याच घासाला तोंड वाकडं झालं.

"मीठ कुठंय?"

मी ताट उचललं आणि स्टुलावर, त्या अंगठ्याला जेमतेम लागणार नाही असं ठेवलं.

"घातलंच नाही," मी म्हणाले. "मारा लाथ."