चिखलातला शिकारी

"हेमांगी, कॅमेरा वर घेऊ या. वारा वाढतोय," नाबर सर म्हणाले.

"सर, एकदाच पांढरे दिवे बंद करून बघू द्या. उजेडाला बुजून भक्ष्यच जवळ येत नाहीये. फक्त लाल दिवा ठेवते, तो खोल पाण्यातल्या जीवांना दिसत नाही."

जहाजावरच्या त्या छोट्या खोलीत पडद्यावर समुद्राचा तळ दिसत होता. दोन हजार मीटर खाली, चिखलावर, सरड्यासारख्या डोक्याचा एक मासा निश्चल बसला होता. आजवर हा मासा जाळ्यातून मेलेलाच वर आला होता. वरून पडणारं मेलेलं खाऊन तो जगतो, असं सगळे मानत. हेमांगी तांडेल मात्र एकटीच म्हणत आली होती, की असे आत वळलेले दात शिकाऱ्याचेच असतात. परिषदेत लोक तिला हसले होते. ही मोहीम फुकट गेली, तर पुढची मिळणार नव्हती.

सरांनी होकार दिला. तिने दिवे बदलले. पडदा तांबूस, अंधुक झाला. बऱ्याच वेळाने एक कोळंबी पोहत आली. मासा हललाही नाही. कोळंबी त्याच्या तोंडावरून पुढे सरकली आणि चिखलाचा लोट उसळला. पाणी निवळलं, तेव्हा माशाच्या दातांत तिच्या मिशा वळवळत होत्या.

"मारली!" हेमांगी खुर्चीतून उडालीच. "सर, जिवंत मारली!"

नाबर सर लहान मुलासारख्या टाळ्या पिटत होते. "अगं, जिंकलीस तू! जिंकलीस!"

"श्श! हळू, सर," डोळे न पुसताच ती हसली. "तो पुन्हा दबा धरून बसतोय."