कोठीतल्या गोळ्या

"ती कोठी आजच्या आज या खोलीतून गेली पाहिजे," मुग्धा म्हणाली आणि कडेवरच्या गौरांगला तिने आणखी घट्ट धरलं.

जितेंद्रच्या हातातला चहा तसाच राहिला. पत्र्याची ती उंच कोठी त्याच्या आईने, पंचफुलाबाईंनी, परवाच सावनेरहून आणली होती, वर्षाच्या गव्हाने शिगोशीग भरलेली. मनीषनगरातल्या या एवढ्याशा फ्लॅटमध्ये ती ठेवायची तरी कुठे? मिळाली जागा बेडरूममध्ये, पलंगाच्या पायथ्याशी. कीड लागू नये म्हणून गव्हात फडक्याची पुरचुंडी पुरली होती. पुरचुंडीत गोळ्या.

सकाळी गौरांगला उलटी झाली आणि मुग्धा मोबाइलवर वाचत सुटली. या गोळ्यांना ओल लागली की फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. मोठमोठ्या गोदामांतलं धान्य त्याच्याच जोरावर टिकतं. पण तिथे पोत्यांवर ताडपत्र्या आवळतात, माणसाला आत फिरकू देत नाहीत. घरात, बंद खोलीत, गोळ्यांशेजारी झोपलेली माणसं पुन्हा उठलीच नाहीत, असंही तिने वाचलं. वास आलाच तर लसणासारखा. कधी तोही नाही.

पंचफुलाबाई पदराने वारा घेत ऐकत होत्या. त्यांच्या मते उलटी उन्हाची होती. त्यांच्या घरी ओसरीवर वर्षानुवर्षं अशाच कोठ्या भरत आल्या, कोणाचं डोकंही दुखलं नव्हतं.

"शिकल्या बायांले घरच्या गव्हाचंही भेव वाटते वं," त्या म्हणाल्या. "आता पोळीही हुंगूनच वाढशीन काय?"

"हुंगीन, आई. पोरगं माझं आहे."

"अन् मायं कोणी नाही काय तो?"

जितेंद्रने कप खाली ठेवला. खालच्या वॉचमनला हाताशी घेऊन, ऑफिसला जायच्या आधी त्याने कोठी ओढत गॅलरीत नेली. तोवर मुग्धा पोराला घेऊन जिन्यात उभी होती. मग तिने खिडक्या उघडून खोलीत हवा खेळती केली, सांडलेला दाणा न् दाणा वेचला, फरशी दोनदा पुसली. गॅलरीचं दार लावून त्याच्या फटीत जुनी चादर कोंबली.

दुपारी लू सुटली. रस्ता ओस पडला. बाकीच्या खिडक्या लावून मुग्धाने गॅलरीकडच्या खिडकीत बसवलेला कूलर सुरू केला. गॅलरीतली झळ ओढून तो आत गारवा सोडू लागला आणि खोली नव्या वाळ्याच्या वासाने भरून गेली. पंचफुलाबाईंना कूलर सोसत नसे. गुडघे धरतात म्हणून त्या हॉलमध्ये चटईवर आडव्या झाल्या. जाता जाता पन्ह्याचा पेला मात्र मुग्धाच्या उशाशी ठेवून गेल्या.

"पी वं. तोंड पाह्य किती सुकलं तुयं."

गौरांगने आज झोपताना मुळीच त्रास दिला नाही. किरकिर नाही, कूस बदलणं नाही. मुग्धा त्याच्या छातीचं वरखाली होणं पाहत पडून राहिली. तिचं स्वतःचं डोकं जड झालं होतं, पोटात ढवळत होतं. जागरण आणि रिकाम्या पोटी पन्हं, दुसरं काय. तिने मुद्दाम खोल श्वास घेऊन पाहिला. लसणाचा मागमूस नव्हता, नुसता वाळा. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या जिवाला स्वस्थता आली.

फोन थरथरला. जितेंद्र होता, पोराची चौकशी करत होता. शांत झोपलाय, ती कुजबुजली. मग एकाएकी तिला धास्ती वाटली. गॅलरीवर दुपारभर ऊन असतं. पत्रा तापून काही व्हायचं तर नाही?

"एवढं समजते न मले," जितेंद्र हसला. "कूलरवर ताटी घातली आहे न, तिच्या सावलीत ठेवली. कूलरच्या पाठीले टेकवून. तिथं ओल राहते, थंडगार राहीन कोठी."

"बरं केलंस," मुग्धा म्हणाली. तिने फोन ठेवला, गौरांगला कुशीत ओढलं आणि त्याला गारवा नीट लागावा म्हणून हात लांबवून कूलर आणखी एक नंबर वाढवला.